गुळाचा रंग आणि शब्दाची पत

‘ब्रँड’ हा इंग्रजी शब्द आता आपल्या खेड्यापाड्यांतही रुळला आहे. पापड-लोणची करणाऱ्या महिला बचत गटापासून मधाच्या बाटल्या भरणाऱ्या तरुणापर्यंत प्रत्येकाला स्वतःचा ब्रँड उभा करायचा असतो आणि ग्राहकाचा विश्वास कसा संपादन करावा, हे शिकवणारी शिबिरेही भरत असतात. आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला हा शब्द ठाऊक नव्हता. परंतु त्यांच्यापाशी ‘पत’ हा शब्द होता. अमक्याच्या शब्दाला बाजारात पत आहे, एवढे म्हटले की त्या माणसाविषयी अधिक काही सांगावे लागत नसे. या पतीची एक गंमत अशी की ती ज्याची म्हणून ओळखली जाते, त्याच्या ताब्यात ती कधीच नसते. ती इतरांच्या मनात वसत असते. मग ग्राहकाचा विश्वास ही खरोखर संपादन करण्याची वस्तू आहे काय? आणि ज्या सचोटीमुळे धंद्यात खोट येते, तीही पाळावीच काय? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावा, असा आमचा मानस आहे.

हे प्रश्न आम्हांला ग्रंथांतून सुचलेले नाहीत. ते शाहूवाडी तालुक्यातील एका गुऱ्हाळात आमच्यापुढे उभे राहिले.

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाणारा रस्ता बांबवडे, मलकापूर मागे टाकीत आंबा घाटाकडे जातो. घाटाकडचा मुलूख मुसळधार पावसाचा आणि भाताचा. अलीकडे कडवी नदीच्या काठाने मात्र उसाचे फड लागतात. तेथे आमचा एक जुना विद्यार्थी वडिलोपार्जित गुऱ्हाळ चालवतो. आम्ही एकेकाळी ज्या वसतिगृहाची देखरेख पाहत होतो, तेथे राहून तो दहावीपर्यंत शिकला. दोन वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात त्याने अगत्याने बोलावले म्हणून आम्ही गेलो.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. चरकातून निघालेला रस मोठ्या काहिलीत पडतो. खाली चुलवाणात वाळलेले चिपाड धडधडत असते. रस तापू लागला की रानभेंडीची खोडे ठेचून काढलेले चिकट पाणी त्यात सोडतात, थोडी चुन्याची निवळी घालतात. रसातील मळी वर येते, ती काढून टाकतात. पाक होत आला की गुळव्या त्याचा थेंब पाण्यात टाकून पारखतो, आणि योग्य क्षणी काहील वाफ्यात ओतली जाते. तो क्षण थोडा चुकला तरी आधण बिघडते. एवढ्या कष्टाने केलेला गूळ सौद्यात जातो तेव्हा व्यापारी आधी रंग पाहतो. कोल्हापूरच्या गुळाचा मोठा ग्राहक गुजरातेत आहे आणि तेथे पिवळाधमक गूळ आवडतो. म्हणून कित्येक गुऱ्हाळांत उकळत्या रसात हायड्रॉस नावाची पूड टाकतात. तिने रंग उजळतो. पण हा उजळपणा टिकाऊ नसतो, साठवणीत असा गूळ पुन्हा काळवंडू लागतो. साखर स्वस्त असेल तेव्हा रसात साखर ओतण्याचा उद्योगही चालतो. तिच्यामुळे ढेप घट्ट बसते आणि वजन वाढते.

आमचा विद्यार्थी यांतले काहीच करीत नव्हता. परिणामी त्याचा तांबूस गूळ सौद्यात मागे पडे. गुऱ्हाळावर पतसंस्थेचे कर्ज होते. जिल्ह्यातली शेकडो गुऱ्हाळे गेल्या काही वर्षांत बंद पडली आहेत, ऊस साखर कारखान्यांकडे वळला आहे. आपलेही तसेच होणार, ही धास्ती घरात होती. म्हणून त्याने गूळ डब्यांत भरून स्वतःच्या नावाने पुण्या-मुंबईस थेट विकण्याचे ठरवले होते. त्यासाठी छापायचे लेबल त्याने आमच्यापुढे ठेवले.

लेबलावर नऊवारी नेसलेली एक प्रसन्न म्हातारी होती. तिच्यामागे बैलांचा घाणा होता. वर ‘आजीच्या हातचा’ आणि खाली ‘१०० टक्के सेंद्रिय’ असे शब्द होते.

“ही तुझी आजी का रे?” आम्ही विचारले.

“नाही फादर. आमची आजी गुऱ्हाळाकडं कधी फिरकलीच नाही, तिचा जन्म भातलावणीत गेला. छापखान्यातला पोरगा म्हणाला, असलं चित्र खपतंय.”

बैलांच्या घाण्याविषयी विचारण्याचे कारण नव्हते, कारण विजेवरचा चरक आमच्या कानाशीच घरघरत होता. ऊस कोणाचा, असे विचारले तेव्हा निम्मा आपला आणि निम्मा शेजाऱ्यांचा, असे त्याने सांगितले. त्या उसाला युरिया पडत होता.

“मग सेंद्रिय कसा म्हणायचा?”

“करताना काही घालत नाही, म्हणजे सेंद्रियच की! सगळेच लिहितात, फादर. खरं लिहिलं तर घेणार कोण?”

तो लबाड नव्हता. खरा माल करणाऱ्या माणसालाही तो विकण्यासाठी खोट्याची मदत घ्यावीशी वाटावी, ही त्यातली दुःखाची बाब होती. त्याच्या शेवटच्या प्रश्नावर आम्ही त्याला वसतिगृहाच्या फळ्यावर अनेकदा लिहिलेले एक वाक्य ऐकवले: प्रामाणिकपणा हेच उत्तम धोरण. थोडे धीराने घे, खरे लिही, लोक आपोआप विश्वास ठेवतील, असे सांगून आम्ही परतलो. त्याने आमचे ऐकले. नवीन लेबलावर म्हातारी नव्हती. रस भेंडीने आणि चुन्याने निवळला आहे. रंगासाठी काही घातलेले नाही. ऊस आमचा व शेजाऱ्यांचा असून त्याला रासायनिक खत दिलेले आहे, असा मजकूर त्याने छापला.

वाचकहो, लेबल ही वस्तू वरवर क्षुल्लक वाटते. परंतु तिच्या मागे व्यापाराचा एक मोठा बदल आहे. पूर्वी गावातला माणूस गावातल्याच दुकानातून गूळ नेत असे. गूळ वाईट निघाला तर दुकानदाराला संध्याकाळी देवळापाशी नाहीतर चावडीपाशी गाठता येत असे. तेथे विश्वासाला चेहरा होता. व्यापार दूर गेला तसा चेहरा गेला आणि त्याच्या जागी नाव आले. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी ही व्यापारपेठ वसवली. तेथून कोल्हापुरी गुळाचे नाव दूरवर पोहोचले. २०१४ साली या गुळाला भौगोलिक मानांकनही मिळाले. अहमदाबादची गृहिणी ‘कोल्हापुरी’ हा शब्द वाचून ढेप उचलते तेव्हा काहिलीशी घाम गाळणाऱ्या, तिला कधीही न भेटणाऱ्या माणसांवर ती विश्वास टाकत असते. तिला त्यांना गाठता येणार नाही. म्हणूनच चेहऱ्याने दिलेल्या शब्दापेक्षा लेबलाने दिलेला शब्द अधिक बंधनकारक मानला पाहिजे. ज्याला आपली फसवणूक उघडकीस आणता येत नाही, त्याला फसवणे हे अधिक नीच कृत्य होय.

कायदा या बाबतीत काही मर्यादा घालतो. गुळात सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण किलोमागे ७० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे. ‘सेंद्रिय’ या शब्दालाही २०१७ च्या नियमांनी प्रमाणीकरणाशी जोडले आहे. हे योग्यच आहे. परंतु निरीक्षक प्रत्येक काहिलीपाशी उभा राहू शकत नाही. म्हणून कायद्याच्या पलीकडे जाऊन विचार करणे भाग पडते.

या विचारात जुन्या तत्त्वज्ञांची आम्हांला मदत होते. रोमन विचारवंत सिसेरो याने ख्रिस्तपूर्व ४४ साली लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात एक प्रसंग कल्पिला आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ पडला आहे. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचे जहाज घेऊन तेथे पोहोचतो. आणखी जहाजे मागून येत आहेत, हे त्याला ठाऊक आहे. ते सांगितले तर भाव उतरणार. त्याने सांगावे की मौन पाळावे? सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूने आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात खरेदी-विक्रीतील फसवणुकीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि त्यात याच प्रकारच्या धान्यव्यापाऱ्याचा विचार केला. पुढे काय घडणार ते सांगण्यास न्यायाने तो बांधलेला नाही, मात्र सांगितले तर तो अधिक थोर सद्‌गुण ठरेल, असे त्यांचे मत पडले. परंतु मालातच दोष असेल आणि तो ग्राहकाला दिसण्यासारखा नसेल, तर तो सांगणे विक्रेत्याचे कर्तव्यच आहे, याविषयी त्यांनी शंका ठेवलेली नाही.

हा भेद आमच्या गुऱ्हाळाला लावून पाहू. संतांच्या मनात जो दोष आहे तो मालाच्या रूपामागे दडलेला असतो. येथे तर दोषच रूप घेऊन येतो. पूड टाकून आणलेला पिवळेपणा ग्राहकाला दोष म्हणून दिसत नाही, गुण म्हणून दिसतो आणि त्याकरिता तो दोन पैसे अधिक मोजतो. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण येथे शब्दशः खरी ठरते. ‘गिऱ्हाईकच मागते’ हा बचाव म्हणूनच टिकत नाही. गिऱ्हाईक रंग मागते ते रंगाला शुद्धतेची खूण समजून. त्याच्या गैरसमजावर जगणे हा व्यापार म्हणता येणार नाही. मात्र येथे उलट दिशेनेही सावध राहावयास हवे. उसाची जात, जमीन आणि गुळव्याचे कसब चांगले असेल तर काहीही न घालता गूळ सोनेरी उतरू शकतो, आणि करपलेला काळा गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून शहरात चढ्या भावाने खपवता येतो. तेव्हा केवळ रंगावरून सचोटी ओळखता येणार नाही. ती ओळखायची तर करणाऱ्याच्या शब्दावर यावे लागते.

आता त्या विद्यार्थ्याची पुढील हकिगत सांगतो. नव्या लेबलाचा गूळ पहिल्या हंगामात बेताचाच खपला. दुसऱ्या हंगामात संक्रांतीसाठी बऱ्यापैकी मागणी आली, काहींनी पैसेही आगाऊ दिले. आणि नेमका अवकाळी पाऊस झाला. तोडलेला ऊस चार दिवस पडून राहिला. अशा शिळ्या उसाचा गूळ मऊ आणि चिकट होतो, कणी धरीत नाही. रसात साखर ओतली असती तर ढेप घट्ट बसली असती आणि कोणालाही काही कळले नसते. त्याने तसे केले नाही. ज्यांनी मागणी नोंदवली होती त्या प्रत्येकाला त्याने कळवले, की या वेळचा गूळ खाण्यास चांगला आहे पण मऊ आहे. नको असल्यास पैसे परत करतो. निम्म्याहून अधिक लोकांनी पैसे परत घेतले. त्यांतील बहुतेक पुन्हा आलेच नाहीत. एका दुकानदाराने तर मागणी कायमची थांबवली.

त्यानंतर तो आम्हांला भेटला तेव्हा त्याने तक्रार केली नाही. एवढेच म्हणाला, “फादर, तुम्ही फळ्यावर लिहायचा ते वाक्य खरं आहे का?”

आम्ही पुष्कळ वर्षे ते वाक्य मुलांकडून घोकून घेतले होते. त्या दिवशी प्रथमच त्याच्याकडे नीट पाहिले आणि आमची चूक आमच्या ध्यानात आली. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट याने १७८५ साली नीतिशास्त्रावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात एका दुकानदाराचे उदाहरण दिले आहे. तो दुकानदार लहान मुलालाही तोच भाव लावतो जो मोठ्यांना लावतो. त्याचे वागणे कर्तव्याला धरून आहे. पण एवढ्यावरून तो कर्तव्य म्हणून तसे वागतो, असे म्हणता येत नाही, कारण तसे वागण्यात त्याचा फायदाही आहे. सेमिनरीत असताना हे उदाहरण आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याचा अर्थ शाहूवाडीच्या एका मऊ पडलेल्या आधणाने आम्हांला समजावला. प्रामाणिकपणाला ‘धोरण’ म्हटले की तो फायद्याचा नोकर होतो. फायदा एका बाजूला आणि खरेपणा दुसऱ्या बाजूला, असा प्रसंग आला की धोरण बदलता येते. धोरणे बदलण्यासाठीच असतात. मुलांना आम्ही सचोटी शिकवली, आणि तिच्यासोबत ती सोडून देण्याचे कारणही नकळत शिकवून ठेवले.

म्हणून त्याला आम्ही सरळ सांगितले, की ते वाक्य अपुरे होते. बहुधा सचोटीने पत वाढते, हे खरे. लहान व्यावसायिकापाशी जाहिरातीला पैसा नसतो, तेव्हा त्याला दुसरे भांडवलही नसते. पण पत वाढेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. ग्राहकाचा विश्वास ही ग्राहकाने आपणहून द्यावयाची देणगी आहे. ती युक्तीने काढून घेता येत नाही, आणि तिच्यावर आपला हक्कही सांगता येत नाही. विश्वासास पात्र राहणे एवढेच आपल्या हाती असते. आणि ते आपण करतो ते समोरच्या माणसाचे देणे म्हणून. गूळ त्याच्या मुलांच्या तोंडात जाणार आहे. तो काय खातो ते जाणण्याचा त्याला अधिकार आहे, मग ते सांगून आपल्याला लाभ होवो अथवा हानी होवो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण हप्ता मलाच भरायचा आहे, फादर.”

हे उत्तर आम्हांला आजही अस्वस्थ करते, कारण त्यात काहीच खोटे नाही. व्यासपीठावरून सचोटी सांगणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागत नाही. येथेच या प्रश्नाची दुसरी बाजू पुढे येते आणि ती तुम्हां-आम्हां ग्राहकांची आहे. सचोटीची किंमत एकट्या विक्रेत्याने का मोजावी? रंग पाहून गूळ उचलणारे आपणच आहोत. आम्ही स्वतः एका वर्षी चर्चच्या सणाला लोकांत वाटण्यासाठी मुद्दाम पिवळा गूळ मागवला होता. तांबूस गूळ पाहून लोक नाक मुरडतील, असे आम्हांला वाटले. ज्या पुडीचा निषेध आज आम्ही करीत आहोत, तिला मागणी देणाऱ्यांत आम्हीही होतो. आमोस संदेष्ट्याने शब्बाथ केव्हा संपतो आणि माप लहान करून धान्य केव्हा विकतो, अशी घाई झालेल्या व्यापाऱ्यांना कडक शब्दांत फटकारले आहे. त्याने आज आपल्या बाजारात येऊन पाहिले असते तर काट्याच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना तो बोलला असता.

हीच गोष्ट कोल्हापुरी चपलेची. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील आपल्या प्रदर्शनात कोल्हापुरी घाटाच्या चपला मांडल्या आणि त्यांचे मूळ सांगितले नाही. महाराष्ट्र संतापला, आणि तो संताप योग्य होता. पुढे कंपनीला ते मूळ मान्य करावे लागले. महाराष्ट्रातील ४ आणि कर्नाटकातील ४ जिल्ह्यांच्या कारागिरांना या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. परंतु आपल्याच शहरांच्या पदपथांवर कृत्रिम चामड्याची, यंत्रावर केलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकली जाते तेव्हा आपण दहा रुपये कमी करून घेऊन ती पायांत घालतो. परक्याने नाव चोरले तर आपल्याला राग येतो. आपण रोज ते नाव थोडे थोडे झिजवतो त्याचे काही वाटत नाही. नाव हे सामाईक विहिरीसारखे असते. पाणी भरणारे अनेक असतात, पण ती घाण करायला एक माणूस पुरतो.

हे लिहिताना आम्हांला आमच्या झग्याचीही आठवण होते. आम्ही नव्या गावी जातो तेव्हा अनोळखी माणसे दार उघडतात, आपली दुःखे आमच्यापुढे मांडतात. हा विश्वास आम्ही कमावलेला नसतो. आमच्याआधी जी माणसे हा झगा घालून सचोटीने जगली, त्यांनी तो मिळवून ठेवलेला असतो. झगा हेही एक लेबलच आहे. तो घालणाऱ्यांपैकी कोणी त्या विश्वासाला तडा दिला तर त्याचे मोल कितीजणांना मोजावे लागते, हे आपण सर्वांनी दुःखाने पाहिले आहे. तेव्हा गुऱ्हाळवाल्याला आम्ही जे सांगितले, ते आम्हांला आधी लागू आहे.

असो. त्या तरुणाचे पुढे काय होईल, ते आम्हांस सांगता येत नाही. यंदाही त्याचे चुलवाण पेटले आहे. पैसे परत न मागता मऊ गूळ ठेवून घेतलेल्या घरांपैकी काहींनी या वर्षी पुन्हा मागणी केली आहे. त्यांची संख्या थोडी आहे आणि हप्ता मोठा आहे. त्यांच्या बळावर गुऱ्हाळ चालेल की नाही, हे आता केवळ त्याच्यावर अवलंबून नाही.

नाताळ जवळ येत आहे. घराघरांत नेवऱ्या आणि लाडवांची तयारी सुरू होईल. त्यासाठी गूळ घ्यायला जाल तेव्हा, वाचकहो, रंगाआधी एक प्रश्न विचारा: हा कोणी केला आणि कसा केला? खरे उत्तर देणारा माणूस भेटला, तर त्याच्याशी भावात घासाघीस करू नका, आणि पुढच्या वेळीही त्याच्याकडेच जा.